स्वतःला ओळखण्याचा रोजच्या व्यवहारात नेमका काय उपयोग होतो?

इंद्रायणीकाठ (मूळ प्रश्न)

नमस्कार. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग तयार करणारा एक लहान कारखाना आहे. तेथे मी गुणवत्ता तपासणीचा विभाग सांभाळते. वय ४१, नोकरीची १७ वर्षे पूर्ण झाली आहेत, राहायला मोशीला आहे. प्रश्न थोडा विस्ताराने मांडते, कारण दोन ओळींत विचारला तर त्यामागची अडचण कळणार नाही.

गेल्या महिन्यात आमच्याकडे प्रथमच प्रत्येक विभागप्रमुखाबद्दल हाताखालच्या, बरोबरीच्या आणि वरच्या माणसांकडून नाव न घालता लेखी मते मागवण्यात आली. माझ्याबद्दल नऊ कागद आले. त्यांपैकी सहा कागदांवर, शब्द वेगळे असले तरी, तक्रार एकच होती: मॅडम पूर्ण ऐकून घेत नाहीत, समोरच्याचे वाक्य संपण्याआधीच निर्णय सांगून मोकळ्या होतात. मला कोणी माझे गुण विचारले असते, तर सर्वांचे शांतपणे ऐकून घेणे हा गुण मी सर्वांत आधी सांगितला असता. त्या रात्री नवऱ्याला विचारले. तो थोडा वेळ काहीच बोलला नाही आणि मग म्हणाला, "हे मी तुला लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी सांगितले होते." ते सांगितल्याचेदेखील मला आठवत नाही, आणि सहा कागदांपेक्षा हेच मला जास्त लागले.

माझे वडील वारकरी. 'स्वतःला ओळख' हे शब्द मी लहानपणापासून त्यांच्या तोंडून ऐकत आले, पण त्यांचा रोख आत्मज्ञानाकडे होता आणि त्या वाटेबद्दल बोलण्याचा माझा अधिकार नाही. मी विचारते आहे ते रोजच्या ओळखीबद्दल. आपण कशाने चिडतो, कशाला घाबरतो, कोणत्या कामात आपले मन लागते, लोकांशी प्रत्यक्षात कसे वागतो, हे नीट समजल्याने माणसाचे नेमके काय भले होते? एवढी वर्षे स्वतःबरोबर राहूनही माझ्याबद्दलची माझीच समजूत चुकीची कशी राहिली? आणि 'स्वभावाला औषध नाही' हे खरे असेल, तर दोष कळून तरी करायचे काय?

याला एक तातडीची बाजूही आहे. मालकांनी मला उत्पादनप्रमुखाची जागा देऊ केली आहे आणि दोन महिन्यांत होकार किंवा नकार कळवायचा आहे. एरवी मी त्याच दिवशी हो म्हटले असते. आता मात्र, आपण लोकांचे ऐकतो की नाही एवढेही जिला ठाऊक नव्हते, तिने ४० माणसांची जबाबदारी घ्यावी का, हे मला ठरवता येत नाही. ज्यांनी या विषयाचा अभ्यास केला आहे किंवा स्वतः असा अनुभव घेतला आहे, त्यांनी कृपया लिहावे.

जुना फळा

ताई, मी पुण्यातील एका महाविद्यालयात २९ वर्षे मानसशास्त्र शिकवले. तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर त्याच्या पोटात आहे.

स्वतःबरोबर राहिल्याने स्वतःची ओळख आपोआप होते, ही समजूतच तपासून घ्यावी लागते. रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली एक लेख प्रसिद्ध केला. त्यातील एक प्रयोग मी दरवर्षी वर्गात सांगत असे. ग्राहकांपुढे नायलॉनच्या पायमोज्यांचे चार जोड ओळीने मांडून त्यांतील सर्वांत चांगला जोड निवडायला सांगितले होते. सर्वांत उजवीकडच्या जोडाला इतरांच्या मानाने फार जास्त पसंती मिळाली. का निवडला असे विचारल्यावर लोकांनी मालाच्या गुणांची कारणे सांगितली. प्रत्यक्षात चारही जोड अगदी एकसारखे होते. मांडणीतील जागेचा परिणाम झाला असेल का, असे थेट विचारल्यावर जवळजवळ सर्वांनी ते नाकारले. यात कोणीही खोटे बोलत नव्हते. आपल्या वागण्यामागची खरी कारणे पुष्कळदा आपल्याला आतून दिसत नाहीत, आणि जेथे दिसत नाहीत तेथे मन एखादे पटण्याजोगे कारण रचून देते. ते इतके ओळखीचे वाटते की आपण ते रचले आहे, अशी शंकाही येत नाही.

जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम यांनी १९५५ साली यासाठी एक सोपी आकृती मांडली. दोघांच्या हाकेच्या नावांवरून, म्हणजे जो आणि हॅरी यांवरून, तिला 'जोहारी खिडकी' असे नाव पडले. तिला चार तावदाने असतात. एकात आपल्यालाही ठाऊक आणि लोकांनाही ठाऊक असलेल्या गोष्टी येतात, दुसऱ्यात आपल्याला ठाऊक पण लोकांपासून झाकून ठेवलेल्या, तिसऱ्यात लोकांना दिसणाऱ्या पण आपल्याला न दिसणाऱ्या, आणि चौथ्यात कोणालाच न कळलेल्या. या तिसऱ्या तावदानात कितीही चिंतन करून शिरता येत नाही, तेथे दुसऱ्याला विचारूनच जावे लागते. तुमचे सहा कागद आणि तुमच्या पतीचे ते एक वाक्य तेथूनच आलेले आहे.

म्हणून इतरांनाच आपण अधिक कळतो, असाही अर्थ घेऊ नये. सिमिन वझीर यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक चांगला भेद दाखवला आहे. मनातली चिंता, अस्वस्थता अशा आतल्या गोष्टींबाबत माणूस स्वतःबद्दल अधिक अचूक सांगतो, पण बुद्धी, कल्पकता यांसारख्या, ज्यांना समाजात मान आहे अशा गुणांबाबत त्याच्या मित्रांचा अंदाज अधिक बरोबर निघतो. 'मी लोकांचे ऐकून घेतो' हा दुसऱ्या जातीचा गुण आहे असे मी मानतो. तो आपल्यात असावा अशी आपली इच्छा असते, आणि त्या इच्छेमुळेच आपली नजर तेथे अधू होते.

आता उपयोगाकडे येतो. येथे मी पुस्तक बाजूला ठेवून स्वतःचे सांगतो. वयाच्या ४७ व्या वर्षी मला उपप्राचार्यपद मिळाले आणि मी ते आनंदाने स्वीकारले. दोन वर्षांत माझी झोप उडाली, रक्तदाब वाढला आणि घरात मी सतत कोणावर तरी ओरडू लागलो. मी माझ्या मनाला कारण असे दिले होते की कर्मचारी सहकार्य करत नाहीत. मला दैनंदिनी लिहिण्याची जुनी सवय आहे. एका मे महिन्याच्या सुट्टीत त्या दोन वर्षांच्या वह्या मी सलग वाचल्या. 'आज बरे वाटले' हे शब्द ज्या ज्या दिवशी लिहिले होते, त्यांपैकी बहुतेक प्रत्येक दिवशी मी वर्गात एखादा तास घेतलेला होता. ज्या आठवड्यात तास नव्हते, फक्त बैठका आणि फायली होत्या, त्या आठवड्यात हे शब्द एकदाही नव्हते. कर्मचाऱ्यांच्या सहकार्याचा याच्याशी काही संबंध नव्हता. मी जूनमध्ये पद सोडले, वर्गात परतलो आणि पुढची बारा वर्षे समाधानाने शिकवले. ही ओळख ४७ व्या वर्षी पद स्वीकारण्याआधी झाली असती, तर माझ्या घरच्यांची दोन वर्षे वाचली असती.

स्वतःला ओळखल्याने आयुष्यातले दुःख टळते असे मी म्हणणार नाही. चुकीच्या जागी जाऊन बसण्याचे प्रसंग मात्र कमी होतात, आणि तेथे जाऊन बसलोच तर लवकर उठता येते. नाही म्हणता येते, आणि त्यासाठी खोटी कारणे द्यावी लागत नाहीत. पालक मुलांना दहावीनंतर कलचाचणीला नेतात ते योग्यच आहे, पण त्या चाचणीतून क्षमता कळते. रोजच्या कामाचा थकवा आपल्याला कोणत्या बाजूने येतो, हे मात्र काम केल्यावर आणि त्याची नोंद ठेवल्यावरच कळते.

तुमच्या निर्णयासाठी एक सुचवतो. हो म्हणायचे असो वा नाही, त्या दिवशी तारीख घालून एका कागदावर लिहा की हा निर्णय मी का घेत आहे आणि एका वर्षाने काय झालेले असेल असे मला वाटते. पाकीट बंद करून ठेवा आणि बरोबर एका वर्षाने उघडा. अशी चार-पाच पाकिटे साठली की आपला अंदाज कोठे हमखास चुकतो ते स्वतःच्या अक्षरात वाचायला मिळते.

इंद्रायणीकाठ

सर, मनःपूर्वक आभार. तुमच्या दैनंदिनीचा अनुभव वाचून मला आमच्याच विभागातील एक गोष्ट आठवली. आमच्याकडील बारीक मोजमाप करणारे प्रत्येक उपकरण, मायक्रोमीटर असो वा व्हर्नियर, ठरावीक मुदतीने कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे त्याचे माप बरोबर आहे का ते तपासायला, बाहेरच्या प्रयोगशाळेत जाते. उपकरण स्वतःची चूक स्वतः दाखवू शकत नाही, ती त्याच्याहून अचूक अशा मापाशी ताडून पाहावी लागते. परत येताना त्याची चूक किती आहे, तो आकडा प्रमाणपत्रावर येतो. ज्याची चूक ०.०२ मिलिमीटर आहे हे ठाऊक आहे, ते उपकरण तेवढे वजा करून वापरता येते. ज्याची चूक ठाऊक नाही ते दिसायला कितीही नवे असले तरी आम्ही वापरू देत नाही. हा नियम मी १७ वर्षे पाळत आले आणि स्वतःला कधी लावला नाही.

षड्ज

नारायण पेठेत मी गेली बावीस वर्षे शास्त्रीय गायन शिकवते. या चर्चेत माझ्या विषयातील एका गोष्टीची भर घालावीशी वाटते.

आपला आवाज आपल्याला जसा ऐकू येतो तसा तो जगात कोणालाच ऐकू येत नाही. आपण गातो तेव्हा आवाज हवेतून कानापर्यंत येतो आणि त्याच वेळी कवटीच्या हाडांमधूनही आतल्या कानापर्यंत पोहोचतो. हाडांतून येणाऱ्या कंपनांमुळे खालचे, जड नाद आपल्याला अधिक ऐकू येतात, म्हणून स्वतःचा आवाज स्वतःला भरदार वाटतो. ध्वनिमुद्रण ऐकताना ती हाडांची वाट बंद असते. पहिल्यांदा स्वतःचे गाणे ऐकणारा जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी म्हणतो की हा माझा आवाज नाही. मी त्यांना सांगते की आम्ही सर्वजण रोज हाच आवाज ऐकतो.

माझ्याकडे एक मुलगी काळी पाच या पट्टीत, म्हणजे पेटीवरची पाचवी काळी पट्टी 'सा' धरून, गात असे, कारण तिच्या आधीच्या बाई त्या पट्टीत गात आणि तिलाही तीच आपली वाटू लागली होती. तार षड्जाला, म्हणजे वरच्या सप्तकातल्या 'सा'ला, गेली की मानेच्या शिरा ताणल्या जात, आणि आपण मेहनत कमी करतो अशी तिची खात्री होती. चार वर्षे ती पहाटे उठून रियाज वाढवत राहिली. एके दिवशी मी तिला काळी पाच आणि तिच्याहून खालची काळी तीन अशा दोन्ही पट्ट्यांतील तिचे ध्वनिमुद्रण काही न सांगता ऐकवले. काळी तीनमधले ऐकताना ती रडू लागली. ती खाली उतरली तेव्हा तिचे मंद्र, म्हणजे खालचे, सप्तक मोकळे झाले, आणि तारेच्या ओढाताणीत कधी न दिसलेली ठेव हाती आली. आज ती दरबारी कानडा गाते तेव्हा तिच्या मंद्रातल्या ठहरावाने श्रोते स्तब्ध होतात.

ताई, तुम्ही विचारले की स्वतःला ओळखल्याने काय भले होते. त्या मुलीची चार वर्षांची मेहनत खरी होती, पण ती दुसऱ्याच्या पट्टीत होती. स्वभावाबद्दलही मला एवढेच म्हणायचे आहे की गळा बदलत नाही, पट्टी बदलता येते. हे लिहिताना ती मुलगी माझ्या डोळ्यांपुढे आहे. हे तिला पहिल्याच वर्षी ऐकवायला हवे होते, याची टोचणी मला अजून आहे.

आजचा दिवस

मी मद्यपाश सोडून ११ वर्षे झाली. नाव सांगत नाही, आमच्याकडे तशी परंपरा आहे. 'दोष कळून करायचे काय' या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर आहे आणि ते मी जगतो आहे, म्हणून लिहितो.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली. तिच्या १२ पायऱ्यांपैकी चौथी पायरी अशी आहे की स्वतःचा निर्भयपणे आणि कसून झडती घेतल्यासारखा नैतिक हिशेब मांडायचा. पाचवी पायरी तो हिशेब दुसऱ्या एका माणसापुढे कबूल करण्याची, आणि दहावी तो पुढे आयुष्यभर चालू ठेवण्याची. कागदावर रकाने असतात: मला कोणाचा राग आहे, काय घडले, माझे काय दुखावले, आणि शेवटी त्यात माझा वाटा कोणता. पहिले तीन रकाने मी एका बैठकीत भरले. शेवटच्या रकान्याला सात आठवडे लागले.

मी वर्षानुवर्षे सर्वांना सांगत असे की गावच्या जमिनीवरून मोठ्या भावाशी झालेल्या वादाने मला दारूला लावले. माझ्या बायकोलाही ते पटलेले होते. स्पॉन्सरने, म्हणजे संघटनेत मला वाट दाखवणाऱ्या जुन्या सदस्याने, मला मागच्या दोन वर्षांतील मोठ्या पिण्याच्या तारखा आठवून मांडायला लावल्या. पगाराच्या पावत्या, लग्नपत्रिका, दवाखान्याची कागदपत्रे यांवरून आम्ही त्या जुळवल्या. भावाशी भांडण झाल्यानंतरच्या तारखा त्यांत दोनच निघाल्या. बाकीच्या बहुतेक तारखा पगाराच्या, बढतीच्या आणि कोणीतरी माझे चारचौघांत कौतुक केल्याच्या होत्या. मी दुःखात पीत नव्हतो. कौतुक झाले की उद्यापासून तेवढे चांगले राहावे लागेल या भीतीने माझी घालमेल होई, आणि ती मला सहन होत नसे. हे कागद मी पर्वतीच्या पायथ्याशी बसून स्पॉन्सरला वाचून दाखवले तेव्हा माझा आवाज कापत होता.

याचा उपयोग काय झाला ते सांगतो. दुःखाच्या दिवशी सावध राहणारा मी आनंदाच्या दिवशी सावध राहू लागलो. कामावर शाबासकी मिळाली की घरी जाण्याआधी मी स्पॉन्सरला फोन करतो आणि त्या दिवशी सत्काराला वा जेवणाला थांबत नाही. आमच्याकडे भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार अवस्थांपासून जपायला शिकवतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून आम्ही त्याला 'हॉल्ट' म्हणतो. माझ्यासाठी त्यांत पाचवी भर कौतुकाची आहे. संध्याकाळी सातच्या सुमारास कोथरूडहून हडपसरला जाताना मला भूक लागते आणि त्याच वेळी मन घसरते, हे नोंदीतून कळल्यापासून माझ्या पिशवीत चणे आणि गूळ असतो. माझा स्वभाव बदलला असे मी म्हणणार नाही, कौतुकाची ती भीती अजूनही येते. ती कधी येणार हे मला आता आधी कळते, आणि त्या एका तासाची मी व्यवस्था करून ठेवतो.

पारिजात

वरील सर्व अनुभवांबद्दल मनापासून आदर आहे. मी समुपदेशक आहे, आणि याची दुसरी बाजू कोणीतरी मांडली पाहिजे असे वाटते, कारण माझ्याकडे येणाऱ्या कित्येकांना स्वतःकडे पाहण्याचाच त्रास झालेला असतो.

स्वतःला समजून घेणे आणि स्वतःला उगाळत बसणे या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात. सुझन नोलेन-होक्सेमा यांनी या दुसऱ्या सवयीचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या मनःस्थितीची आणि दुःखात वागण्याच्या पद्धतीची माहिती एका अभ्यासासाठी घेतलेली होती. त्यानंतर, १७ ऑक्टोबर १९८९ रोजी, त्या भागात लोमा प्रिएटाचा मोठा भूकंप झाला. ज्यांना आपले दुःख मनात घोळवत राहण्याची सवय आधीपासून होती, त्यांच्यात भूकंपानंतर नैराश्याची आणि ताणाची लक्षणे अधिक आढळली. 'मी अशी का आहे' हा प्रश्न रात्री दोन वाजता विचारला तर उत्तर मिळत नाही, आणि मिळालेच तर वर निस्बेट आणि विल्सन यांच्याबद्दल लिहिले आहे तसे ते रचलेले असण्याचा संभव असतो. त्यापेक्षा 'मी काय केले, केव्हा केले, त्या वेळी मला काय वाटत होते' हे प्रश्न अधिक उपयोगी पडतात. भावनेला नेमका शब्द दिल्याने तिचा जोर थोडा उतरतो, असे मॅथ्यू लीबरमन यांच्या २००७ सालच्या मेंदूविषयक अभ्यासातही दिसले आहे.

ताईंच्या सहा कागदांबद्दलही थोडे वेगळे म्हणते. वरिष्ठ पदावरील पुरुषाने वाक्य तोडले तर तो ठाम ठरतो आणि स्त्रीने तोडले तर ती ऐकत नाही असे ठरते, हे मी अनेक कार्यालयांतून आलेल्या स्त्रियांकडून ऐकले आहे. तुमच्या बाबतीत तसेच झाले असे मी म्हणत नाही, तुमच्या पतीच्या बोलण्यावरून तसे वाटत नाही. पण कोणाचेही मत, ते सहा जणांचे असले तरी, जसेच्या तसे स्वतःवर चिकटवून घेऊ नये. ते मोजून पाहता येते. रोजच्या बैठकीत आपण किती वेळा वाक्य तोडतो, कोणाचे तोडतो आणि कोणत्या क्षणी तोडतो, याची काही दिवस नोंद करा.

आणखी एक गोष्ट आपल्याच मातीतील आहे. इथान क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवले की कठीण प्रसंगाआधी स्वतःशी बोलताना 'मी' न म्हणता स्वतःचे नाव घेऊन बोलणाऱ्यांना कमी त्रास होतो, कारण स्वतःकडे थोड्या अंतरावरून पाहता येते. हे वाचताना मला आपल्या संतांची नाममुद्रा आठवली. अभंगाच्या शेवटी 'तुका म्हणे', 'नामा म्हणे' असे म्हणणारा कवी स्वतःला समोर बसवून बोलतो. दुष्काळात दिवाळे निघालेला, घरातली माणसे गमावलेला देहूचा वाणी भंडारा डोंगरावर एकांतात बसून स्वतःचे दोष इतक्या उघडपणे मांडू शकला, त्यात या अंतराचाही वाटा असावा असे मला वाटते.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाला स्वतःबद्दलचे विचार थांबवताच येत नसतील, झोप आणि जेवण बिघडले असेल, तर त्यांनी एकट्याने वही घेऊन बसू नये. केंद्र सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे, आणि तेथे मराठीत बोलता येते.

अभ्यासिका क्र. ३

मी सदाशिव पेठेत राहून चार वर्षे स्पर्धा परीक्षेची तयारी करतो आहे. जुना फळा सरांचे उत्तर वाचून मी गेल्या दहा दिवसांत कोणत्या विषयाला किती वेळ बसलो ते लिहून पाहिले. मी रोज १२ तास अभ्यास करतो असे घरी सांगतो आणि मला स्वतःलाही ते खरे वाटत होते. प्रत्यक्ष वाचन पाच तासांच्या वर एकाही दिवशी गेले नाही. आठव्या दिवशी हे वडिलांना फोनवर सांगितले. ते रागावले नाहीत. पुढच्या प्रयत्नाबद्दल आमचे पहिल्यांदाच मोकळेपणाने बोलणे झाले. अजून काही ठरलेले नाही.

इंद्रायणीकाठ

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. पारिजात ताईंनी सुचवल्याप्रमाणे सकाळच्या वीस मिनिटांच्या बैठकीत मी आमच्या सर्वांत लहान तपासनीसाला एक काम दिले: मी कोणाचे वाक्य तोडले की कागदावर एक रेघ मारायची. तो आधी तयार होईना. पहिल्या दिवशी ११ रेघा झाल्या. आठवड्याच्या शेवटी सर्व कागद पाहिले तेव्हा लक्षात आले की सर्वांचे वाक्य मी तोडत नाही. मुद्दा सोडून मागची हकीकत सांगत सुरुवात करणाऱ्यांचेच तोडते, आणि सर्वांत जास्त रेघा दुपारी चारला माल घेऊन गाडी निघणार असते त्या दिवशी पडतात. गाडी चुकेल ही भीती माझ्या मनात सकाळी नऊपासून चालू असते, हे मला आजवर माहीत नव्हते.

दुसऱ्या आठवड्यात रात्रपाळीचा एक मुलगा 'काल रात्री चहाच्या वेळी' अशी सुरुवात करून बोलू लागला. मी पेन खाली ठेवले आणि थांबले. त्याला सांगायचे असे होते की चहाच्या सुट्टीआधी मशीनवरून काढल्याबरोबर मोजलेला व्यास आणि सुट्टीनंतर मोजलेला त्याच नगाचा व्यास यांत फरक येतो. नग गरम असताना मोजला जात होता. मोजमापाचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सियस आहे, आणि ५० मिलिमीटर व्यासाच्या पोलादी भागात २० अंशांच्या फरकाने साधारण ०.०११ मिलिमीटर वाढ होते. त्या मापात कमीजास्त चालेल अशी आमची एकूण सूटच ०.०२ मिलिमीटर आहे. दोन महिने ग्राहकाकडून परत येणाऱ्या मालाचे कारण आम्ही टूलच्या, म्हणजे धातू कापणाऱ्या हत्याराच्या, झिजेत शोधत होतो. त्या मुलाने हे मागेही एकदा सांगण्याचा प्रयत्न केला होता, असे मी विचारल्यावर त्याने सांगितले.

उत्पादनप्रमुखाच्या जागेबद्दल मालकांकडून आणखी एक महिना मागून घेतला आहे. पाकीट मात्र आजच तयार केले, कारण होकार दिला तर मी कशाला घाबरेन ते आता लिहिता येते.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी नेमके काय सांगितले होते, तेही नवऱ्याला विचारले. रविवारी आळंदीहून परतताना त्याने ते सगळे सांगितले, मोशी येईपर्यंत. मध्ये दोनदा मी त्याचे वाक्य तोडले. दोन्ही वेळा तो थांबला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला.